चौफुली

पावसाळ्यात सकाळी फिरायला निघालो, की यवतमाळच्या कृषी संशोधन केंद्राच्या कुंपणाशी पाय आपोआप रेंगाळतात. तारेपलीकडे पऱ्हाटीचे लहान लहान चौकोन आहेत. प्रत्येकाच्या तोंडाशी काठीवर ठोकलेली पत्र्याची पाटी, पांढरा रंग, त्यावर काळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं टी-३ आर-२, टी-७ आर-१. वाणाचं नाव नाही, खताचं नाही. रस्त्याकडेच्या इतर शेतांत बियाण्याच्या कंपन्यांचे रंगीत फलक धुऱ्यावर मिरवत असतात. इथं मात्र कुणाला काही विकायचं नाही. ऑगस्टच्या उघाडीत त्या पाट्यांवर चिखलाचे शिंतोडे वाळलेले दिसतात. एका चौकोनातली झाडं कमरेला लागलेली, शेजारच्यातली जेमतेम गुडघ्याला, त्यापलीकडची पुन्हा कमरेला. मधून एका माणसापुरती वाट.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, की पाट्या कुणीतरी घाईघाईत ठोकल्या असाव्यात. टी-१ च्या शेजारी टी-५, मग टी-२, मग एकदम टी-८. पण हा विस्कळीतपणा मुद्दाम केलेला असतो. कुठल्या चौकोनात काय लावायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरवलेलं असतं, कारण माणसाच्या हातात ठेवलं, तर तो आपल्या आवडत्या वाणाला नकळत चांगली जमीन देतो. आपणही लेकरांच्या बाबतीत तेच करतो; शेतीशास्त्रानं निदान त्यावर उपाय तरी शोधून ठेवला.

आमच्याकडच्या कास्तकाराला चौकोन काही नवा नाही. दारव्ह्याकडे माझ्या बहिणीचं शेत आहे. मृगाचा पाऊस झाला, की दाजी आधी उभ्या आणि मग आडव्या रेघा पाडून घेतात आणि जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या फुलीवर सरकी टोबतात. चौफुलीवर लावलेल्या पऱ्हाटीत डवरा दोन्ही बाजूंनी चालतो, हा त्यातला रोकडा फायदा. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं, तर सबंध वावर आलेखाच्या कागदासारखं दिसतं. पण तो कागद कोरा नसतो. नाल्याकडची जमीन काळी, खोल, पाऊस थांबल्यावरही पंधरा दिवस ओल धरणारी. वरच्या अंगाला बरड. शिवाय एका बाजूला बांधावरच्या कडुनिंबाची सावली. दाजी म्हणतात, "अवंदा हे बियाणं चांगलं निघालं," तेव्हा मी विचारतो, "बियाणं चांगलं निघालं, का ते नाल्याकडं होतं म्हणून?" ते हसतात. उत्तर त्यांच्याकडेही नसतं आणि माझ्याकडेही.

हाच प्रश्न घेऊन रोनाल्ड फिशर नावाचा गणिती १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रात नोकरीला लागला. तिथं वर्षानुवर्षांच्या पिकांच्या नोंदी वह्यांत पडून होत्या आणि त्यांतून काय खरं मानायचं हे कुणाला सांगता येत नव्हतं. फिशरनं सांगितलं, की प्रश्न पीक निघाल्यावर विचारून उपयोग नाही, तो पेरणीच्या आधी विचारला पाहिजे. शेताचा कस उभा बदलत असेल आणि ओल आडवी बदलत असेल, तर प्रत्येक वाण प्रत्येक उभ्या ओळीत एकदा आणि प्रत्येक आडव्या ओळीत एकदा येईल अशी मांडणी करा. मग जमिनीचा पक्षपात दोन्ही बाजूंनी सारखा वाटला जातो आणि उरतो तो बियाण्याचा गुण. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. आज बहुतेक प्रयोगांत याहून साध्या गटवार मांडण्या वापरतात, कारण वाण वाढले, की चौरसाला जागा फार लागते. पण कुंपणापलीकडच्या त्या पाट्यांचं कूळ शोधत गेलं, तर ते फिशरच्या वावरात जाऊन पोचतं.

हे सगळं मला सांगितलं माझ्या भाचीनं. दारव्ह्याच्या त्याच वावरात वाढलेली, सध्या अमरावती विद्यापीठात गणिताची पीएच.डी. करणारी. मी जन्मभर मराठी शिकवलं. गणिताशी माझा संबंध मॅट्रिकला सुटला आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. तरी दिवाळीत घरी आली, की ती मला धरून बसवते. एकदा जेवणं आटोपल्यावर सगळे पत्ते काढून बसले, तेव्हा तिनं जोड हातात घेतला.

"मामाजी, चारही एक्के, राजे, राण्या आणि गुलाम काढून ठेवा."

"पैशानं खेळून राहिली का तू?"

"खेळायचं नाही जी, मांडायचं आहे. चार ओळी, चार रांगा. प्रत्येक ओळीत एक एक्का, एक राजा, एक राणी, एक गुलाम पाहिजे. प्रत्येक उभ्या रांगेतही तसंच. आणि रंगसुद्धा तसेच. कुठल्याही ओळीत, कुठल्याही रांगेत एक रंग दोनदा यायचा नाही."

मी पहिली ओळ सहज लावली: इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, चौकटची राणी, किलवरचा गुलाम. दुसरीपाशी अडलो. तिनं न बोलता चौकटचा राजा, किलवरचा एक्का, इस्पिकचा गुलाम आणि बदामची राणी अशी ओळ मांडली आणि म्हणाली, "आता पुढच्या दोन तुम्ही." वाचकानं घरी पत्ते असतील तर करून पाहावं, उरलेल्या आठ पत्त्यांना जागा आहेत. शेवटचा पत्ता आपल्या जागी बसतो, तेव्हा जे वाटतं ते व्याकरणातलं एखादं अवघड रूप सुटल्यावर वाटण्याहून फार वेगळं नव्हतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

"ह्याच्यात दोन लॅटिन चौरस आहेत, एकावर एक ठेवलेले," ती म्हणाली. "एक एक्का-राजाचा, एक रंगांचा. तीनचा चौरस असा जमते, चारचा जमते, पाचचा जमते. सहाचा नाही जमत."

सहाचा प्रश्न ऑयलर या गणितज्ञाचा. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण ३६. त्यांना सहा ओळींत असं उभं करा, की कुठल्याही ओळीत आणि रांगेत ना पलटण पुन्हा यावी, ना हुद्दा. १७८२ मध्ये त्यावरचा त्याचा निबंध छापून आला. त्या वेळी तो आंधळा होता आणि पुढच्याच वर्षी गेला. हे होणार नाही असं त्यानं म्हटलं. सिद्ध मात्र केलं नाही. पुढं जाऊन त्यानं असंही अनुमान केलं, की सहाचंच काय, १०, १४, १८, २२ यांचंही होणार नाही, म्हणजे चारानं भागल्यावर दोन उरतात अशा कुठल्याच संख्येचं होणार नाही. सहापुरतं त्याचं म्हणणं खरं ठरायला १९०१ साल उजाडलं. गास्तों तारी नावाच्या फ्रेंच माणसानं सगळ्या शक्यता एक एक करून तपासल्या आणि एकही जमत नाही हे दाखवलं. त्यामुळं उरलेल्या संख्यांबद्दलही ऑयलरचंच बरोबर असणार अशी बहुतेकांची समजूत झाली. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द तपासायला घेणं म्हणजे जरा आगाऊपणाच.

तो आगाऊपणा करणाऱ्या तिघांत एक मराठी माणूस होता, आणि तो नागपूरला शिकलेला होता. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, सागरचा. सागर आणि यवतमाळ तेव्हा एकाच सरकारी प्रांतात मोडत. मध्य प्रांत व वऱ्हाड त्याचं नाव, राजधानी नागपूर. पुढं शिकायचं म्हटलं, की सगळ्यांच्या वाटा नागपूरला मिळत. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्यांच्या कितीतरी आधी तिथल्या मॉरिस कॉलेजात शिकून गेले होते. श्रीखंडे सायन्स कॉलेजात आले. तिथून कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले, आणि तिथं त्यांना राजचंद्र बोस भेटले.

ही भेट मला फार महत्त्वाची वाटते. फिशर १९३७-३८ च्या हिवाळ्यात त्या इन्स्टिट्यूटचे संस्थापक महालनोबिस यांचा पाहुणा म्हणून कलकत्त्याला आला होता. त्याच्या वावरातले प्रश्न तिथं चर्चेला निघाले आणि मूळचे भूमितीवाले असलेले बोस त्यांत गुंतले. चौरस कसे रचायचे याचं उत्तर त्यांनी १९३८ मध्ये बीजगणिताच्या आणि भूमितीच्या अंगानं मांडलं. म्हणजे गव्हाच्या आणि बटाट्याच्या शेतातून निघालेला प्रश्न इंग्लंडहून बोटीनं कलकत्त्याला आला, बोसांच्या हातात पडून भूमिती झाला आणि नागपूरहून आलेल्या एका तरुणाच्या पदरात पडला. पुढं १९४९ मध्ये बोस अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९५० मध्ये श्रीखंडे तिथूनच, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंध प्रयोगांच्या मांडण्या कशा रचाव्यात याबद्दल होता. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेला एक निबंध मात्र काही मांडण्या रचताच येत नाहीत याबद्दल आहे. गणितात एखादी गोष्ट अस्तित्वातच नाही हे दाखवूनही नाव होतं, हे मला भाचीनं सांगितलं तेव्हा पटायला वेळ लागला. आमच्या विषयात असं कुणी केलं, तर त्याला समीक्षक म्हणतात.

श्रीखंडे परत आले, नागपूरला शिकवलं, पुन्हा चॅपल हिलला गेले. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा जोडचौरस रचला. ऑयलरनं नाही म्हटलेली गोष्ट कागदावर मांडलेली समोर होती. त्यांच्या कामाच्या आधारानं अर्नेस्ट पार्करनं १० चा रचला. हा पार्कर युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. मग तिघांनी मिळून दाखवलं, की २ आणि ६ सोडले तर प्रत्येक संख्येचा असा चौरस असतोच. एकशे सत्त्याहत्तर वर्षं उभं राहिलेलं अनुमान त्यांनी नुसतं वाकवलं नाही, मुळापासून उपटलं. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठावर १० च्या चौरसाचं रंगीत चित्र आलं. श्रीखंडे पुढं बनारसला आणि मग मुंबई विद्यापीठात गेले, तिथला गणित विभाग त्यांनी उभा केला, आणि २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्याला गेले, वयाच्या १०२ व्या वर्षी. टाळेबंदीचे दिवस होते. आमच्याकडे किती जणांनी ती बातमी वाचली असेल, सांगता येत नाही.

भाचीचा स्वतःचा विषय मात्र चौरसांचा नाही. ती विश्व कसं पसरतं याची समीकरणं सोडवते. ऐकणाऱ्याला याचा अचंबा वाटतो, पण आमच्या भागात ही मोठी रूढ वाट आहे. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत गणिताचे प्रबंध चाळले, तर दोन विषय पुन्हा पुन्हा भेटतात. एक, तापलेल्या गोल पत्र्यात ताण कसा पसरतो. दुसरा, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघणारी विश्वाची प्रारूपं. बाभुळगावच्या नाहीतर उमरखेडच्या बाजूचं पोर, घरी चार एकर कोरडवाहू, आणि ते बियांची या इटालियन गणितज्ञानं १८९८ मध्ये केलेल्या नऊ प्रकारांपैकी पाचव्या प्रकारच्या विश्वावर निबंध लिहीत असतं. भारतात सापेक्षतेच्या गणिताची पेरणी ज्यांनी केली त्यांत कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर अग्रभागी. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी विद्यार्थी घडवले. त्यांचे चिरंजीव जयंतराव तर आपल्या घराघरांत ठाऊक. या विषयाला लागतं काय? कागद, पेन, चिकाटी, आणि आता एक लॅपटॉप. दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. कोरडवाहू जमिनीत जे पीक येतं तेच लोक घेतात.

तिला विचारलं, "तुला हा विषय आवडला म्हणून घेतलास का?"

"आधी गाईड भेटले, मग विषय भेटला, मग आवडला," ती म्हणाली. कुठल्याही विद्यापीठाच्या अर्जात संशोधनाची आवड लिहायला एक रकाना असतो. तो भरताना सगळेच असं लिहितात, की लहानपणापासूनच आकाशाची ओढ होती. माणसं खरं सांगत नाहीत असं नाही. आवड नंतर येते आणि मागं जाऊन बालपणात आपली जागा करून घेते, एवढंच. श्रीखंड्यांना बोस भेटले नसते, तर ते कदाचित भूमितीत रमले असते, आणि तेही मनापासून.

तिच्या अर्जातला दुसरा रकाना शैक्षणिक पार्श्वभूमीचा. तिथं तिनं लिहिलंय ते असं: जिल्हा परिषदेची शाळा, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी., अमरावतीला एम.एस्सी., नेट. रकान्यात न मावलेलं मला माहीत आहे. अकरावीत गणिताच्या मास्तरांची जागा वर्षभर रिकामी होती, तेव्हा ती आणि तिची एक मैत्रीण जुन्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून पुन्हा सोडवत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पोरं गळाली आणि वर्गात तिघंच उरली. नेट झाल्यावर तिनं तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. सगळे त्याला सीएचबी म्हणतात. त्याचे पैसे सहा-सहा महिन्यांनी येतात, आणि आले की त्यांतले निम्मे एसटीच्या पासात आधीच गेलेले असतात. मग कोर्सवर्क, मग प्रबंधाचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस आणि आरआरसी या विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढं उभं राहणं. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या याद्यांकडं डोळे लावून बसणं तर सगळ्या पिढीचंच चाललं आहे.

यवतमाळ ते अमरावती रस्ता नेरवरून जातो, नव्वद किलोमीटरच्या आसपास. एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, की ती वही काढते. मी एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. वहीत इंग्रजी अक्षरांना खालून-वरून इवले आकडे लटकलेले, एकेक समीकरण पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडी हादरली, की आकडा घसरायचा, मग ती तो खोडून नीट काढायची. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय लिवून राह्यली, माय?" ती म्हणाली, "हिशोब." म्हातारीनं मान डोलवली. "कोनाचा?" यावर भाचीनं बाहेर बोट दाखवलं. बाहेर तुरीचं शेत होतं, त्यावर आभाळ. म्हातारीला काय कळलं कोण जाणे, पण तिनं आपल्या पिशवीतलं एक सीताफळ तिच्या हातावर ठेवलं.

तिच्या विश्वाबद्दल मला एवढं कळलं आहे: साध्या प्रारूपात विश्व सगळ्या दिशांना सारखं फुगतं; बियांचीच्या प्रकारांत ते एका दिशेला जास्त, दुसरीला कमी फुगू शकतं. मग हळूहळू ते सारखं होत जातं का, आणि व्हायला काय लागतं, हे ती शोधते. हे ऐकून दाजींनी विचारलं, "म्हणजे नाल्याकडं जास्त आणि बरडाकडं कमी?" ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "हो बाबा, तसंच." त्या रात्री ती आणि दाजी ओट्यावर उशिरापर्यंत बोलत बसले होते.

श्रीखंड्यांच्या नावानं गणितात आणखी एक गोष्ट आहे, तीही १९५९ मधलीच. श्रीखंडे आलेख. तो समजावून घेताना आमचे सोळा पत्ते पुन्हा कामाला आले. चार ओळी, चार रांगा. समजा प्रत्येक पत्त्याची ओळख फक्त आपल्या ओळीतल्या आणि आपल्या रांगेतल्या पत्त्यांशी आहे. म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीचे सहा. आता कुठलेही दोन ओळखीचे पत्ते घ्या, दोघांच्याही ओळखीचे असे आणखी दोन निघतात. दोन अनोळखी पत्ते घ्या, तरी दोघांना ओळखणारे दोनच. श्रीखंड्यांनी सोळा जणांची आणखी एक वेगळी रचना दाखवली. तिच्यातही प्रत्येकाच्या ओळखीचे सहा, ओळखीच्या जोडीला सामाईक दोन, अनोळखी जोडीलाही दोन. मोजून पाहाल, तर दोन्हींत तसूभर फरक नाही. पण रचना एक नाही.

फरक कुठं आहे? एका पत्त्याच्या त्या सहा ओळखीच्यांकडं पाहायचं. पत्त्यांच्या मांडणीत ते तीन-तीनचे दोन गट होतात. ओळीतले तिघं एकमेकांना ओळखतात, रांगेतले तिघं एकमेकांना ओळखतात, आणि या तिघांना त्या तिघांची गंधवार्ता नाही. मधला एकटाच दोन्हीकडचा. श्रीखंड्यांच्या रचनेत मात्र ते सहा जण एकमेकांना धरून एक कडं करून उभे असतात; पहिला दुसऱ्याला ओळखतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत सहावा पुन्हा पहिल्याला.

हे कळलं, आणि मी भाचीच्या अर्जाकडं पुन्हा पाहिलं. एम.एस्सी. प्रथम श्रेणी, नेट, दोन निबंध, एक परिषद. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेतल्या मुलाचा अर्ज शेजारी ठेवला, तर आकडे जवळजवळ तेच भरतील. पण त्या मुलाच्या भोवतीची माणसं एकमेकांना ओळखतात. त्याचे वडील कुठल्याशा प्राध्यापकाचे वर्गमित्र असतात, प्राध्यापक परदेशातल्या पाहुण्याला ओळखतो, पाहुणा चहाच्या वेळी त्या मुलाला विचारतो, की तू काय करतोस. भाचीच्या एका बाजूला गाव आहे: दाजी, बहीण, येचणीला येणाऱ्या बाया. दुसऱ्या बाजूला विद्यापीठ आहे: गाईड, समिती, नियतकालिकांचे संपादक. हे दोन्ही गट तिच्यावर माया करतात, पण एकमेकांना ते ओळखत नाहीत. नोव्हेंबरात कापूस फुटला, की ती वावरात का अडकते हे विद्यापीठाला कळत नाही; आणि सिनॉप्सिस परत आला म्हणजे काय झालं हे बहिणीला कळत नाही. सगळे निरोप तिनंच इकडून तिकडं न्यायचे. घरातून पहिल्यांदाच एवढं शिकणाऱ्या पोरांना जो थकवा येतो तो गणिताचा नसतो, या हेलपाट्यांचा असतो.

श्रीखंड्यांच्या वाट्याला कडं आलं होतं. फिशर महालनोबिसांना ओळखत होता, महालनोबिस बोसांना, बोस श्रीखंड्यांना. आपल्याकडं याच्या उलट टोकाला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांच्याभोवती असं कडं नव्हतं, पदवीपुढं शिक्षण नव्हतं, तरी १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत जगापुढं ठेवली. एकट्यानंही होतं, हे खरं. पण कापरेकरांचं नाव पुढं करून पोरांना एकटं सोडून देणं हा आपला आवडता आळस आहे.

चौरसांचं कामही संपलेलं नाही. १० चे दोन चौरस एकमेकांशी जुळतात हे १९५९ मध्ये कळलं. प्रत्येक चौरस इतर प्रत्येकाशी जुळेल असे नऊ नसतात, हे १९८९ मध्ये क्लेमेंट लॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाला दीर्घकाळ राबवून दाखवलं. तीन तसे असतात की नाही, हे आजही कुणाला ठाऊक नाही. मी भाचीला म्हटलं, तू का नाही पाहत? ती म्हणाली, "आधी हे विश्व तर संपू द्या, मामाजी."

तिचं विश्व येत्या वर्षभरात संपेल असं दिसतं. प्रबंध जमा झाला, की खुली मौखिक परीक्षा होते. खुली म्हणजे अक्षरशः खुली. तिथं कुणीही जाऊन बसू शकतं, आमंत्रण लागत नाही. एरवी तिथं परीक्षक, गाईड, विभागातले काही जण आणि फराळाची व्यवस्था पाहणारा एक मित्र एवढेच असतात. दाजींना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे, की त्या दिवशी वावराचं काम बाजूला ठेवायचं आणि अमरावतीला यायचं. तुमच्या ओळखीतलं, गल्लीतलं, गावातलं कुणी असं काही करत असेल, तर तारीख विचारून ठेवा आणि जा. समीकरणं कळणार नाहीत. मागच्या बाकावर बसा, संपल्यावर गाईडना नमस्कार करा आणि आपण कोण ते सांगा.